योगदिन नंतर, आधी ओव्हरटाइम बघा : छोट्या कारखान्यात कामगारांचं मानसिक स्वास्थ्य कसं सांभाळायचं

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की बऱ्याच कंपन्यांना हा विषय आठवतो. एखादा वक्ता बोलावतात, कँटीनमध्ये तासभर भाषण होतं, शेवटी सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावतात, फोटो निघतो. आणि त्याच संध्याकाळी डिस्पॅच अडलाय म्हणून दुसऱ्या पाळीला चार तास जादा थांबवतात. यातलं खरं कुठलं, हे कामगाराला न सांगता कळतं.

हा लेख भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी अशा एमआयडीसींतल्या चाळीस ते दोनशे माणसांच्या कारखान्यांसाठी आहे. तिथे एचआर म्हणजे एकच माणूस असतो. पगारपत्रक, पीएफ, कँटीनची तक्रार आणि गेटवरचं भांडण हे सगळं त्याच्याच टेबलावर येतं. समुपदेशनाचं ॲप विकत घेण्याइतका पैसा नसतो. पण पैशाशिवाय करता येण्यासारखं इतकं काही आहे, की ॲपची वेळ बऱ्याच उशिरा येते.

निमहान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. शंभर माणसांच्या शॉपफ्लोअरवर हा हिशेब ढोबळपणेच लावता येईल, पण पाच-दहा जण तरी आत्ता या क्षणी त्रासात मशीन चालवत असतील असं धरून चालायला हरकत नाही. त्यांतले बहुतेक डॉक्टरकडे गेलेले नसतात. ते डोकेदुखीची गोळी घेतात, खाडे करतात, नाहीतर संध्याकाळी ‘बसतात’.

पुढच्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पाचवी आधी आणि पहिली नंतर असं केलंत, तर पाचवीचा उपयोग होणार नाही.

पहिली पायरी : हजेरीचं रजिस्टर वाचा

लोकांच्या हातात प्रश्नावली देऊन सुरुवात करू नका. ‘तुम्हाला उदास वाटतं का?’ या प्रश्नाला कायम नोकरीतला कामगार ‘नाही’ म्हणेल आणि कंत्राटी कामगार तर दोनदा ‘नाही’ म्हणेल. उत्तराचा कागद कुणाच्या हातात जाणार, हे दोघांनाही माहीत असतं.

त्याऐवजी हाताशी जे आहे ते काढा : गेल्या सहा महिन्यांची हजेरी, ओव्हरटाइमचे तास, अर्ध्या दिवसाच्या रजा, ईएसआयसीच्या (कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या) आजारपणाच्या रजा, राजीनामे, उचल मागितल्याच्या नोंदी, आणि प्रथमोपचार पेटीजवळच्या वहीत लिहिलेल्या किरकोळ दुखापती. हे सगळं विभागवार आणि पाळीवार मांडा. माणसांची नावं या टप्प्यावर लागत नाहीत आणि ती काढूही नका, कारण नावं काढली की हेच काम हेरगिरीत जमा होतं.

अशी मांडणी केली की काही गोष्टी आपोआप दिसतात. महिन्याच्या २५ तारखेनंतर ओव्हरटाइम एकदम चढतो आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खाडे वाढतात. एकाच सुपरवायझरच्या हाताखालून वर्षात सात जण सोडून जातात आणि शेजारच्या लाइनवरून एकही जात नाही. रात्रपाळीच्या पाचव्या-सहाव्या रात्री बोटं चिमटण्याच्या नोंदी जास्त असतात. पगार लांबला त्या महिन्यात उचलीच्या चिठ्ठ्या दुप्पट होतात. यांतली प्रत्येक गोष्ट दिसायला उत्पादनाची किंवा प्रशासनाची आहे. लोकांची झोप आणि भूक मात्र इथूनच उडते.

नंतर चार-पाच जुन्या, तोंडाने फटकळ माणसांशी चहाच्या टपरीवर बोला. केबिनमध्ये बोलावू नका. ‘कुठल्या कामावर जायला पोरं टाळाटाळ करतात?’ हा प्रश्न पुरतो.

दुसरी पायरी : काम दुरुस्त करा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही कामाचा बोजा, वेळा, वागणूक या कामाच्याच रचनेतल्या धोक्यांवर उपाय करायला सांगितलं आहे. माणसाला ताण सहन करायला शिकवत बसायचं आणि ताण तसाच ठेवायचा, हा सोपा मार्ग आहे. म्हणूनच तो लोकप्रिय आहे.

पाळ्यांपासून सुरू करा. पाळी फिरवायची तर पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशी पुढे फिरवा. रात्रपाळीवरून थेट सकाळच्या पाळीवर आणलं की शरीर जुळवून घेत नाही, कारण झोप पुढे ढकलणं माणसाला जमतं, मागे ओढणं जड जातं. एक पाळी सुटून दुसरी सुरू होईपर्यंत निदान अकरा तास मिळतात का ते पाहा. रात्री साडेअकराला सुटलेला माणूस सकाळी सातला परत गेटवर हवा असेल, तर जाण्यायेण्याचा वेळ वजा करून त्याला पाच तासही झोप मिळत नाही. वेळापत्रकात हे एका ओळीत दुरुस्त होतं.

ओव्हरटाइमचं जरा अवघड आहे, कारण तो कामगारालाही हवा असतो. घराचा हप्ता, मुलाच्या शाळेची फी, गावाकडच्या बोअरचं बिल हे सगळं ओव्हरटाइमच्या पैशावर उभं असतं. तेव्हा एकदम बंद केलात तर लोक तुम्हालाच शिव्या देतील. आठवड्याला ४८ तास आणि जादा तासांना दुप्पट दर ही कायद्याची चौकट आहेच. तिच्या आत राहून दोन गोष्टी करता येतात. एक, जादा थांबायचं की नाही हे आदल्या दिवशी विचारायचं, पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी नाही. दोन, ‘नको’ म्हणणाऱ्यावर डूख धरायचा नाही. दुसरी गोष्ट लिहायला सोपी, पाळायला कठीण. त्यासाठी मालकाने सुपरवायझरना सगळ्यांसमोर सांगावं लागतं. साप्ताहिक सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी कधी मिळणार ते त्याच वेळी रजिस्टरात लिहा.

व्हॉट्सॲप ग्रुपचं काय करायचं? रात्री साडेदहाला ‘उद्या लवकर या’ असा मेसेज टाकणाऱ्याला वाटतं, आपण फक्त निरोप दिला. वाचणाऱ्याची मात्र झोप जाते. नियम एक ओळीचा ठेवा : रात्री आठनंतर ग्रुपवर काही नाही, खरोखर निकड असेल तर फोन करायचा. फोन करावा लागला की निकड आपोआप कमी होते.

पगाराची तारीख पाळा. मानसिक आरोग्याच्या कुठल्याही पुस्तिकेत हे वाक्य ठळक छापलेलं मी पाहिलेलं नाही, पण सात तारखेचा पगार सतरा तारखेला झाला तर घरमालक, पतपेढी आणि किराणावाला अशा तिघांसमोर माणसाला मान खाली घालावी लागते. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांनी नातेवाइकांना फोन केल्यावर माणसं किती खचतात, हे अनेकांनी जवळून पाहिलंय. त्यावर कारखान्यापुरता इलाज म्हणजे उचलीचा साधा, लेखी नियम : किती मिळेल, किती हप्त्यांत कापली जाईल, कुणाकडे मागायची. साहेबाचा मूड बघून उचल मागावी लागू नये.

वागणुकीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. चूक झाली तर माणसाला बाजूला घेऊन बोला, लाइनवर सगळ्यांसमोर आईबहिणीवरून नको. ‘आमच्या इंडस्ट्रीत अशीच भाषा चालते’ असं म्हणणारा सुपरवायझर ग्राहकाच्या ऑडिटरसमोर तशी बोलत नाही, म्हणजे त्याला दुसरी भाषा येते. बायका कामाला असतील तर चांगलं, कडी लागणारं स्वच्छतागृह, दुसरी पाळी सुटल्यावर घरी पोचायची सोय, आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच. ती फक्त नोटीस बोर्डावर असेल तर नसल्यासारखीच.

आणि हे सगळं ठेकेदाराच्या माणसांनाही लागू करा. एकाच मशीनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांतल्या एकालाच चहा मिळतो, अशी ठिकाणं अजून आहेत.

तिसरी पायरी : सुपरवायझरला दहा मिनिटं बोलायला शिकवा

कामगाराचा त्रास सगळ्यांत आधी त्याच्या लाइनच्या सुपरवायझरला दिसतो. त्याला मानसशास्त्र शिकवायची गरज नाही, निदान करायचंही नाही. बदल टिपता आला आणि दहा मिनिटं नीट बोलता आलं की झालं.

बदल म्हणजे त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक. जो मुळातच कमी बोलतो तो गप्प आहे यात काही नाही. पण रोज चेष्टामस्करी करणारा दोन आठवडे एकटा जेवतोय, कधी न चुकणारा सेटिंग चुकवतोय, डबा न उघडता परत नेतोय, बारीकसारीक गोष्टीवर अंगावर येतोय, दर सोमवारी खाडा करतोय किंवा तोंडाला वास येतोय, आणि हे दोनेक आठवडे चाललंय, तर बोलायला हवं. आपल्याकडे बहुतेक माणसं मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात : छातीत धडधडतं, डोकं जड, अंगात त्राण नाही, पित्त वाढलंय. शारीरिक तपासणी झालीच पाहिजे, पण तपासण्या स्वच्छ येऊनही तक्रार सुरूच राहिली तर लक्ष द्या.

बोलणं कसं असावं? समजा, पन्नाशीचा टर्नर आहे आणि त्याच्याहून वीस वर्षांनी लहान सुपरवायझर.

‘मामा, जेवण झाल्यावर दहा मिनिटं बसायचं का मागे? कामाचं काही काढलेलं नाही.’

मागे म्हणजे स्क्रॅप यार्डाजवळच्या बाकड्यावर. काचेच्या केबिनमध्ये बसवलं की अर्ध्या लाइनला वाटतं, मामांना मेमो मिळाला.

‘मामा, या महिन्यात दोनदा साइझ गेला. तुमच्या हातून असं होत नाही. डबाही तसाच परत जाताना दिसतो. बरं चाललंय ना सगळं?’

‘काही नाही ओ साहेब. जरा टेन्शन.’

इथे शंभरातले नव्वद जण ‘टेन्शन नका घेऊ मामा, सगळं ठीक होईल’ म्हणतात आणि उठतात. संभाषण तिथेच संपतं आणि मामा पुन्हा कधी तोंड उघडत नाहीत. त्याऐवजी :

‘कशाचं?’

आणि गप्प राहायचं. पंधरा-वीस सेकंद शांतता अवघड वाटते, वाटू द्या.

‘झोपच लागत नाय. तीनला जाग येते, मग नुसतं पत्र्याकडं बघत पडायचं.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासनं.’

‘म्हणजे बरेच दिवस अंगावर काढलंत. सांगितलंत ते बरं झालं. हे लाइनवर कुणाला कळणार नाही. फक्त तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला बोलावं लागेल, आणि तेही तुम्हाला सांगूनच बोलेन. सध्या रात्रपाळीतून काढलं तर बरं पडेल का? आणि डॉक्टरकडे जायचं असेल तर मी वेळ काढून देतो.’

एवढंच. सुपरवायझरने घरच्या भांडणात न्यायनिवाडा केला नाही, स्वतःच्या काकांची गोष्ट सांगितली नाही, ‘आमच्या वेळी’ म्हटलं नाही. काम सांगितलं, दिसलेलं सांगितलं, विचारलं, ऐकलं, एक ताबडतोबीची सवलत देऊ केली आणि पुढची वाट दाखवली. आठवडाभराने परत विचारायला मात्र विसरू नये. पहिल्यांदा विचारणारे बरेच भेटतात.

‘मन खंबीर कर’, ‘पूजा-अर्चा वाढव’, ‘बायकोला सांग जरा’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थिती असलेले आहेत’ ही वाक्यं वर्ज्य. प्रशिक्षणात ही फळ्यावर लिहून, यांतलं कोण कोण काय बोललंय ते हात वर करून विचारा. हशा पिकतो आणि मुद्दा लक्षात राहतो. दोन-दोनच्या जोड्या करून वरचं संभाषण करून बघायला लावा. नुसत्या स्लाइड दाखवून हे येत नाही.

चौथी पायरी : कुणाला काय कळणार, ते आधी ठरवा

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यात आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती गुप्त ठेवायचं बंधन आहे. म्हणून कंपनीने डॉक्टरला फोन करून ‘याला नक्की काय झालंय?’ विचारू नये आणि डॉक्टरने सांगू नये. कंपनीला लागणारी माहिती एवढीच : माणूस कामाला कधी येऊ शकेल आणि आल्यावर कुठली कामं टाळायची. आजाराचं नाव नको.

रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ पुरेसं आहे. प्रमाणपत्र एचआरच्या कुलूपबंद कपाटात वेगळ्या फाइलीत, पर्सनल फाइलीत नाही, कारण ती फाइल पगारवाढीच्या वेळी चार जण उघडतात. प्रमाणपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका. छोट्या कारखान्यात सगळे एकमेकांच्या गावाचे, भावकीचे असतात. सकाळी एकाला कळलेलं संध्याकाळी बायकोच्या माहेरी पोचतं. एकदा असं झालं की पुढची पाच वर्षं कुणी मदत मागत नाही.

पाचवी पायरी : मदतीचे पत्ते तयार ठेवा

गरज पडल्यावर शोधाशोध करायची नाही. एका पानावर लिहून सुपरवायझरना द्या आणि फोन नंबर कँटीन, स्वच्छतागृहाच्या दारामागे आणि पगाराच्या पावतीवर छापा. दारामागचा उपयोगी पडतो, तिथे नंबर उतरवून घेताना कुणी बघत नाही.

पहिला नंबर टेलिमानस : १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. १८००-८९-१४४१६ हाही तिचाच नंबर. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

प्रत्यक्ष भेटीसाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो का आणि बाह्यरुग्ण दिवस कुठला, ते एकदा स्वतः जाऊन विचारून या. पुण्यात येरवडा, तसंच ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, पण नाव ऐकूनच माणूस मागे सरतो. म्हणून पहिल्या भेटीला शक्यतो सर्वसाधारण रुग्णालय किंवा जवळचा खासगी मानसोपचारतज्ज्ञ बरा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देऊ शकणारा डॉक्टर. समुपदेशक बोलून मदत करतो, औषध देत नाही. झोप, भूक, कामावर जाणं हेच विस्कटलं असेल तर आधी डॉक्टर.

ईएसआयसीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे हक्काचे पैसे लोक सोडून देतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो आणि आवश्यक वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. यात मानसिक आजार वगळलेले नाहीत. शिवाय ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे, त्यात स्किझोफ्रेनियासारखे तीव्र मानसिक आजार येतात. त्यांत पात्रता असेल तर वाढीव आजारपण लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अनेक एचआरना ही यादी ठाऊक नसते, आणि कामगार बिनपगारी रजेवर बसून सोनं गहाण टाकतो. शाखा कार्यालयात जाऊन अर्जाचे कागद आधीच आणून ठेवा.

गटविमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. समुपदेशकाची फी त्यातून सहसा निघत नाही. दर पंधरवड्याला दोन तास येणारा समुपदेशक ठेवणं परवडत असेल तर ठेवा, शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी मिळून ठेवला तर आणखी बरं. मात्र त्याची खोली एचआरच्या दाराला लागून नको आणि त्याने मालकाला कुणाकुणाला भेटला याची यादी देऊ नये.

दारूचा प्रश्न वेगळा धरा. ‘घेतो’ आणि ‘घेतल्याशिवाय चालत नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात हात थरथरणं, सकाळीच लागणं, सुट्टीनंतर न येणं दिसतं. असा माणूस एकदम बंद करायला गेला तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून ‘उद्यापासून सोड, नाहीतर मेमो’ हा हुकूम धोक्याचा आहे. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायला हवी. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मराठीतून चालणाऱ्या सभा बऱ्याच शहरांत होतात. उपचारांच्या दिवसांची रजा मंजूर करा, आणि परत आल्यावर सुरक्षेचा नियम मात्र सगळ्यांसारखाच कडक : पिऊन आलेला माणूस मशीनला हात लावणार नाही.

घरच्यांनी ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषाकडे नेलं असेल तर वाद घालत बसू नका. ‘तिकडे जा, पण डॉक्टरची गोळी चुकवू नका’ एवढं म्हणता आलं तरी माणूस उपचारात राहतो.

सहावी पायरी : जिवाचा प्रश्न आला तर

‘मी नसलो तर बरं होईल’, ‘आता सगळं संपवायचं’ असं कुणी बोललं, मोबाइल, कागदपत्रं, देणीघेणी निकालात काढायला लागला, किंवा बरेच दिवस खचलेला माणूस अचानक विनाकारण शांत झाला, तर सरळ विचारा : ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की बऱ्याच जणांना हलकं वाटतं.

‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. स्वच्छतागृहात गेला तरी दाराशी माणूस. केमिकलच्या खोलीची आणि टेरेसची किल्ली काढून घ्या. घरातला त्याच्या विश्वासाचा माणूस बोलवा, कोण ते त्यालाच विचारा. १४४१६ लावून समोरच्याशी त्याचं बोलणं करून द्या, आणि धोका तातडीचा असेल तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, गाडी नसेल तर १०८ किंवा ११२. ‘रिक्षात बसवून घरी पाठवला’ हे चालत नाही. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळायचं कारण नाही. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं.

कारखान्यातला एखादा सहकारी गेलाच, तर दुसऱ्या दिवशी लाइन नेहमीसारखी सुरू करू नका. पाळीच्या सुरुवातीला मालकाने किंवा मॅनेजरने खरी, थोडक्यात माहिती द्यावी. कसं केलं याचे तपशील नकोत, कारणांचे तर्क नकोत. शेजारच्या मशीनवरचा मित्र, शेवटचं बोललेला माणूस, ज्याच्याशी भांडण झालं होतं तो, या तिघांकडे पुढचे काही आठवडे जास्त लक्ष.

सातवी पायरी : परत येणाऱ्याला नीट आत घ्या

बहुतेक कारखान्यांत सगळी गडबड इथे होते. माणूस दीड महिन्याने येतो आणि सुपरवायझर म्हणतो, ‘बरा झालास ना? मग घे तिसरी पाळी.’

येण्याच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा. ‘लाइनवर काय सांगू?’ हे त्यालाच विचारा. ‘तब्येत बरी नव्हती’ एवढंच सांगायचं ठरलं तर तेवढंच. पहिले दोन आठवडे कमी तास किंवा हलकं काम, रात्रपाळी नाही. द्विध्रुवीय आजारात (मन कधी अतिउत्साहात, कधी अगदी खचलेलं, असा आजार) तर झोप मोडणं हेच आजार उलटायचं एक कारण असतं, त्यामुळे तिथे रात्रपाळी डॉक्टरने परवानगी दिल्याशिवाय बंदच ठेवा. औषधांनी सुरुवातीला गुंगी येऊ शकते. पॉवर प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट आणि उंचावरचं काम यांपासून लांब ठेवा आणि ही कामं पुन्हा कधी करता येतील ते डॉक्टरकडून लेखी घ्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. तेव्हा आठव्या दिवशी ‘अजून काही फरक नाही’ म्हणून निष्कर्ष काढू नका. डॉक्टरच्या तारखेला सुट्टी मागावी लागू नये, ती पाळीपत्रकातच घाला.

दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी दहा मिनिटं बसा. सवलत चालू ठेवायची, कमी करायची की बदलायची, ते दोघांनी मिळून ठरवा आणि लिहून ठेवा. सहकारी कुरकुरतात, ‘यालाच का दिवसपाळी?’ त्यांना आजार सांगायचा नाही, पण ‘उद्या तुमच्यावर वेळ आली तर तुम्हालाही मिळेल’ हे सांगता येतं. आणि खरंच द्यावं लागतं, मग पाठदुखी असो की बाळंतपणानंतरची उदासी.

कधीकधी सगळं करूनही ते काम त्या माणसाला जमत नाही. त्याला आपणहून राजीनामा द्यायला भाग पाडेल असं वागायचं, काम काढून घेऊन कोपऱ्यात बसवायचं, हे करू नका. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही येतो आणि कायम दिव्यांगत्व असेल तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. त्यामुळे आधी स्टोअर, इन्स्पेक्शन, पॅकिंगमध्ये जागा आहे का ते मनापासून शोधा. नसलीच तर उघड बोलून, घरच्यांना सोबत घेऊन, पुरेसा वेळ देऊन निरोप घ्या. हिशेब पूर्ण चुकता करा, ग्रॅच्युइटी बसत असेल तर अडवू नका, अनुभवाच्या दाखल्यात आजाराचा शब्दही नको. ईएसआयसीची वैद्यकीय सुविधा नोकरी सुटली त्याच दिवशी बंद होत नाही. भरलेल्या वर्गणीच्या काळानुसार ती पुढे काही महिने चालू राहू शकते. ती नक्की कधीपर्यंत आहे, ते शाखेतून काढून, तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्या, म्हणजे गोळ्या मध्येच तुटणार नाहीत.